भिंतीवर टांगलेला वाहाकुरा

मित्रांनो, मी एक जुना वाहाकुरा आहे. हाराकेके नावाच्या लांब पातीच्या झुडपापासून विणलेली, तान्ह्या बाळाला निजवायची टोपली. लांबी बहात्तर सेंटीमीटर, रुंदी छत्तीस, कडा चौदा, तळ सपाट. मला पाय नाहीत आणि झोकाही देता येत नाही. आईबापांच्या पलंगावर मला मधोमध ठेवतात आणि बाळ माझ्यात झोपते. त्याला आईचा श्वास ऐकू येतो, पण तिचा दंड, तिची उशी किंवा रजई त्याच्या तोंडावर येत नाही. माझे काम एवढेच.

माझा जन्म वाइरोआ नदीच्या काठी, हुहानामावशींच्या परसात झाला. तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. पाती कापताना त्या फक्त बाहेरच्या घेत. झुडपाच्या मधला कोवळा कोंब म्हणजे मूल आणि त्याला बिलगलेली दोन पाने म्हणजे त्याचे आईवडील; त्या तिघांना आमच्याकडे कोणी सुरी लावत नाही. कापलेल्या पाती त्या नखाने चिरत, बोथट सुरीखालून ओढून मऊ करत आणि मग विणायला बसत. पाऊस असला की काम बंद.

त्या एकट्या कधीच विणत नसत. जिच्या बाळासाठी टोपली असेल तिने शेजारी बसून निम्म्या पाती स्वतः घालायच्या, हा त्यांचा नियम होता. हात चालू असताना तोंडही चाले.

"पाठीवर निजवायचं. कुशीवर नाही, पोटावर नाही. तोंड उघडं. आत उशी नको, मऊ खेळणं नको, मेंढीचं कातडं नको. आणि कोचावर बाळाला घेऊन लवंडायचं नाही. कोच सगळ्यात वाईट."

"मग नवऱ्याला कुठे निजवायचं, मावशी?" जिच्या बाळासाठी मी विणला जात होतो, त्या मुलीने विचारले.

"तो माझ्या टोपलीत मावत नाही. त्याचं तू बघ."

परसात जमलेल्या सगळ्या बायका हसल्या, पण त्या का विणतात हे त्यांना माहीत होते. मावशींच्या मुलीचा मुलगा सात आठवड्यांचा असताना गेला होता. थंडीचे दिवस होते. घरात एकच गरम खोली होती, एकच पलंग आणि दोन दमलेली माणसे. कोणी दारू प्यायलेले नव्हते. कोणी निष्काळजी नव्हते. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने पत्रात लिहिले की नेमके कारण सांगता येत नाही. ते पत्र मावशींनी दोनदा वाचले आणि दुसऱ्या दिवशी सुरी घेऊन झुडपापाशी गेल्या. मी त्यांचा एकशे चाळिसावा वाहाकुरा. मी ज्यांची नावे ऐकली, त्यांत त्यांच्याइतके सलग आणि इतका कमी गाजावाजा करून काम करणारे दुसरे कोणी नाही.

सहा वर्षांत माझ्यात चार बाळे वाढली. चौथा मुलगा केरेआनाचा नातू होता. तो पाच महिन्यांचा झाला, मला लाथा मारू लागला आणि आईबापांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला. मी केरेआनाच्या घरी राहिलो.

केरेआना तेव्हा छप्पन्न वर्षांची होती आणि पहाटेच्या पाळीला मटणाच्या कारखान्यात जात असे. तिला माझे फार कौतुक. आमच्याकडे हाताने विणलेली वस्तू म्हणजे ठेवा. ठेव्याला जमिनीवर ठेवत नाहीत, त्याला ओलांडत नाहीत, त्यात काहीबाही भरत नाहीत. तिने मला पुसले आणि बैठकीच्या खोलीत, घरातल्या गेलेल्या माणसांच्या तसबिरींशेजारी दोन खिळ्यांवर टांगले. येणारा प्रत्येक जण थांबून बघे. "हुहानामावशींचा हात आहे," केरेआना अभिमानाने सांगे. माझी छोटी गादी कपाटात गेली, मग कोणाला तरी दिली गेली. तीन वर्षे माझी स्तुती होत राहिली आणि माझ्यावर धूळ साचत राहिली.

मग मिहिआता आली.

ती केरेआनाच्या भाचीची मुलगी. भाची व्यसनमुक्तीच्या उपचारांना गेली होती, आणि बालसंरक्षण कार्यालय बाळासाठी नात्यातले घर शोधत होते. केरेआनाने फोनवर तीन मिनिटांत हो म्हटले. परक्या घरी गेलेल्या मुलांच्या कहाण्या तिच्या पिढीने पुरेशा ऐकल्या होत्या. मिहिआता सहा आठवड्यांची होती. पाच आठवडे आधी जन्मलेली, वजन तीन किलोच्या आत, गर्भात असतानाच सिगरेटचा धूर सोसलेली. अशा बाळांना झोपेत धोका जास्त असतो.

दुसऱ्याच दिवशी कार्यालयाची मॅक्सीन घर तपासायला आली. तिच्या यादीत त्या दिवशी तीन घरे होती.

"धुराचा भोंगा चालतो का?" तिने विचारले.

"टोस्ट करपला की वाजतो," केरेआनाचा नवरा पिरिपी म्हणाला. "म्हणजे रोज सकाळी."

"कुंपण? कुत्रा?"

"कुंपण आहे. कुत्रा म्हातारा आहे. माझ्यासारखाच, नुसता भुंकतो."

"बाळाला झोपायला वेगळी जागा?"

केरेआनाने हात वर करून माझ्याकडे दाखवले. "वाहाकुरा आहे ना. हुहानामावशींचा."

"अगंबाई, किती सुंदर!" मॅक्सीन म्हणाली आणि कागदावर बरोबरची खूण केली.

यात खोटे कोणीच बोलले नाही. वाहाकुरा घरात होता. फक्त तो भिंतीवर होता, आणि मला खाली उतरवायचे कोणाच्याच मनात आले नाही. केरेआनाच्या लेखी मी वापरायची वस्तू उरलोच नव्हतो. मिहिआता पलंगावर दोन उशांच्या मध्ये झोपत असे आणि दुपारी कोचावर, केरेआनाच्या छातीवर.

नवव्या दिवशी दुपारी पिरिपी नदीवर ईल मासे धरायला गेला होता. केरेआना पहाटे चारपासून उभी होती. बाटली पाजता पाजता ती कोचावर झोपली. मिहिआता हळूहळू घसरली आणि तिचा दंड व कोचाची पाठ यांच्या मधल्या खाचेत गेली, तोंड आत. मी समोर होतो. अंतर सव्वातीन मीटर. मला तिची पाठ दिसत होती, आणि ती हलते आहे की नाही ते कळत नव्हते.

दारावर टकटक झाली. पुन्हा झाली. मग दार ढकलून मॅक्सीन आत आली. तिने खोलीवर एकदा नजर टाकली, हातातली पिशवी सोडली आणि बाळाला खाचेतून ओढून काढले. ओठ राखाडी झाले होते. तिने तिला सतरंजीवर उताणे ठेवले, हनुवटी वर केली, तळवे चोळले, तोंडाने फुंकर दिली. दुसऱ्या फुंकरीनंतर मिहिआता खोकली. मग रडली. इतका चांगला आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

केरेआना उठून बसली होती. आधी तिला काही कळले नाही. मग कळले.

"न्यायलाच आला होतात ना?" ती ओरडली. "वाटच बघत होतात!"

"आधी रुग्णवाहिका," मॅक्सीन फोन लावत म्हणाली. "मग मला काय हवं ते बोला."

फोन झाल्यावर बाळाला उराशी धरून ती म्हणाली, "गाडी चालवताना आठवलं. तुम्ही टोपली दाखवलीत, पण तिच्यात गादी नव्हती. म्हणून आले. आठवडाभर उशिरा आठवलं."

डॉक्टरांनी मिहिआताला दोन दिवस ठेवून घेतले. ती धडधाकट होती. ती कुठे परत जाईल, एवढेच ठरायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच खोलीत बैठक झाली. मॅक्सीनचे वरिष्ठ आले होते. मॅक्सीनने हुहानामावशींनाही बोलावले होते. मावशींचे वय आता सत्तर. त्या आत आल्या, त्यांनी मला भिंतीवर पाहिले आणि दारातच थांबल्या.

"केरे, हे काय?"

"जपून ठेवलाय, मावशी."

"जपून? मी घरात लावायला चित्र विणलं होतं का?"

"खराब होऊ नये म्हणून..."

"तो खराब होऊ दे की! मी दुसरा विणीन. पोरगी कुठून विणू?"

केरेआना खाली बसली आणि तोंड झाकून रडू लागली. मावशींनी तिला रडू दिले. मग शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या घरातलं गेलं तेव्हा मला कोणी ओरडलं नाही. ओरडायला उशीर झाला होता. तुला ओरडता येतंय, हे माझं नशीब समज."

वरिष्ठांनी घसा साफ केला. "मुलगी परत इथेच का द्यावी, हे मला कोणीतरी सांगावं."

"मी झोपले होते," केरेआना म्हणाली. "खोटं सांगणार नाही. पण मला शिकवा. मी शिकेन. ती आमची आहे."

"अंगणात सिगरेट ओढतो तेही बंद," पिरिपी मध्येच म्हणाला. "फाटकाबाहेर. कोटही बाहेरच टांगीन."

मग मॅक्सीनने एक कागद वरिष्ठांसमोर ठेवला. ती उभी होती. "मी बाळाची झोपायची जागा तपासली नाही. वेगळी जागा आहे का, एवढंच विचारलं, टोपली पाहिली आणि खूण केली. बाळ त्यात झोपतं का ते पाहिलं नाही. चूक या घराची आहे तशी माझी आहे. या घराला शिक्षा द्यायची तर माझं नावही त्यात घाला."

"हे तुमच्या फाइलमध्ये राहील, मॅक्सीन."

"राहू दे."

मित्रांनो, मी बरीच माणसे पाहिली आहेत. चूक झाल्यावर गप्प बसणारे पाहिले, दुसऱ्यावर ढकलणारे तर पुष्कळ पाहिले. कोणी न विचारता, नोकरीवर गदा येऊ शकते हे माहीत असताना, आपली चूक स्वतः लिहून आणणारी मी एकच पाहिली.

वरिष्ठांनी तो कागद दोनदा वाचला. शेवटी मिहिआता आमच्याकडेच राहिली, पण अटींवर. केरेआनाने सहा आठवडे पाळीवर जायचे नाही. दमल्यावर बाळाला हातात ठेवायचे नाही, पिरिपीकडे द्यायचे किंवा माझ्यात. मॅक्सीनने आठवड्यातून तीनदा न सांगता यायचे आणि बैठकीच्या खोलीत चहा न पिता थेट पलंगापाशी जायचे.

मावशींनी मला खिळ्यांवरून उतरवले. एकेक पात दाबून पाहिली, तळ नाकाशी नेऊन बुरशीचा वास येतो का ते पाहिले. दोन पाती तुटल्या होत्या, त्या तिथेच बसून बदलल्या. घट्ट, पातळ गादी त्या घरून घेऊन आल्या होत्या. मग केरेआनाने मला पलंगावर ठेवले. ठेव्यात काही भरायला तिला अजून जड जात होते.

मिहिआता रुग्णालयातून आली त्या दुपारी तिला माझ्यात उताणे निजवले गेले. तिचे वजन मला जेमतेम जाणवले. पण तिची छाती वर जात होती आणि खाली येत होती, आणि तीन वर्षांनंतर मी कामावर रुजू झालो होतो.

मॅक्सीन सांगितल्याप्रमाणे आली. कधी सकाळी सातला, कधी भर जेवणाच्या वेळी. पिरिपी कुरकुरे, "बाई, तुम्ही इथेच खोली का घेत नाही?" ती हसे आणि सरळ आत येऊन माझ्यात डोकावे. एकदा आत खेळण्यातला मऊ ससा सापडला. पिरिपीने आणला होता. तो तिने त्याच्या हातात दिला. "हा तुमच्या उशाशी ठेवा." पुढच्या वेळी ससा खरोखर पिरिपीच्या उशीवर होता.

साडेपाच महिन्यांची झाल्यावर एके सकाळी मिहिआता माझ्यातच पालथी झाली आणि तिचे पाय माझ्या टोकाला टेकले. म्हणजे माझे काम संपले. केरेआनाने मॅक्सीनला फोन केला. "ती आता मावत नाही," ती म्हणाली. एवढे एक वाक्य सांगायला तिला तीनदा सुरुवात करावी लागली.

मित्रांनो, बाळावर प्रेम आहे की नाही, हे आमच्या गावात कोणी कोणाला विचारत नाही. ते सगळ्यांकडे आहे. तुम्ही मोठे व्हाल, घरोघर जाल, कोणी तपासनीस होईल, कोणी आत्या होईल, कोणी शेजारी. बाळ कुठे झोपते हे विचारून थांबू नका. आत जाऊन बघा. आणि आम्हा जिनसांना जपायचे असेल, तर वापरून झिजवा.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत चार दिवसांचा मुलगा त्याच्या आजोबांकडे राहायला आला. केरेआना मला काखेत घेऊन तिकडे गेली. आजोबांनी दार उघडले, मला पाहिले आणि दोन्ही हात पुढे केले.

"वा! याला चांगल्या जागी लावतो."

केरेआनाने मला त्यांच्या हातात दिलेच नाही. ती त्यांच्या बाजूने आत शिरली.

"पलंग दाखवा," ती म्हणाली.