खालची कडी

"पोरं काय, आपोआप वाढतात," असं उज्ज्वलाच्या सासूबाई विक्रमगडहून येऊन सांगायच्या आणि दुपारच्या एसटीने परत जायच्या. मुलगा व्हावा म्हणून नवस त्यांनीच बोलला होता, त्यामुळे धाकट्याचं नाव घरात नवशा पडलं. थोरलीसाठी कोणी नवस केला नव्हता. तिचं कागदावरचं नाव रागिणी, घरात रंगू, आणि भाऊ झाल्यापासून नुसती ताई. तीन वर्षांची ताई! ताईने रडायचं नाही, ताईने हट्ट करायचा नाही, ताईने आईच्या मांडीवर बसायचं नाही, कारण मांडी आता नवशाची होती.

उज्ज्वलाचा नवरा हेमंत जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात कारकून होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांची भाड्याची खोली, लांबट, कौलारू. पुढे दार आणि मागे गजांची एक बसकी खिडकी. पावसाळ्यात लाकूड फुगल्यापासून दाराची वरची कडी बसेना, तेव्हा घरमालकाने दुरुस्तीच्या नावाखाली गुडघ्याच्या उंचीवर एक जुनी कडी ठोकून दिली. एवढं केलं म्हणजे फार उपकार केले, अशा थाटात तो गेला. रंगूला मात्र ती कडी फार आवडली. दिवसभर तिची काढ-घाल चालायची. "आमचा वॉचमन," असं उज्ज्वलाच कौतुकाने सगळ्यांना सांगायची.

त्या एप्रिलात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. हेमंत सकाळीच साहेबांबरोबर जीपने मोखाड्याला गेला होता. उज्ज्वला चपात्या करत होती. दाराशी वारा लागतो म्हणून नवशाला तिने तिथेच, आतल्या बाजूला, गोधडीवर निजवलं होतं. एवढ्यात कमूची हाक आली, "बाय, पानी आला!" कमू जवळच्याच वांगणी गावची. शेतातलं काम संपलं की नवऱ्याबरोबर मजुरीला जव्हारात यायची आणि मागच्या पडवीत राहायची. उज्ज्वलाने स्टोव्हच्या वाती उतरवल्या, तवा तसाच ठेवला आणि हंडा उचलला. "ताई, बाळाकडे बघ हं," म्हणाली आणि गेली. नळ दारासमोरच होता. तिच्या जागी कोणीही गेलंच असतं.

हंडा अर्धा भरला नसेल तोच घरात काहीतरी फुटलं. उज्ज्वला तिथूनच ओरडली, "रंगे! काय फोडलंस? थांब, आलेच मी!" उत्तरादाखल दार धाडकन लागलं आणि खालची कडी सरकल्याचा आवाज आला.

हंडा तसाच टाकून ती दाराशी धावली. आत नवशा दचकून उठला होता आणि टाहो फोडून रडत होता.

"रंगू, दार उघड."

"नाही."

"उघडतेस की नाही?"

"तू मारशील."

"नाही मारणार. उघड बघू."

मग रंगू म्हणाली, "काल पण अशीच म्हणालीस."

दारावर थाप मारायला उचललेला उज्ज्वलाचा हात खाली आला.

काल रंगूने नवशाला चिमटा काढला होता, चांगला लाल होईपर्यंत, आणि मग कॉटखाली जाऊन बसली होती. "ये बाहेर, नाही मारणार," असं म्हणून उज्ज्वलाने तिला बाहेर काढलं आणि तव्यावरचं उलथनं तिच्यापुढे धरलं. "पुन्हा करशील? देऊ चटका?" चटका देईन असं कोणती आई म्हणत नाही? ते म्हणायचं असतं, द्यायचं नसतं. उज्ज्वलालाही नुसतं दाखवायचंच होतं. पण रात्रभर जागून तिचं डोकं फिरलेलं, पोर हात सोडवायला धडपडली, आणि उलथनं डाव्या तळव्याला टेकलं. टेकलं, असंच ती तेव्हापासून मनाशी म्हणत होती. हेमंतला तिने सांगितलं, तव्याला हात लावला कार्टीने. तोही म्हणाला, जरा लक्ष ठेवत जा.

आता तिला आपलीच लाज वाटली, पण लाज वाटून दार उघडणार नव्हतं. तिने खांदा लावला. दार जरासं करकरलं आणि तिच्या लक्षात आलं, नवशा दाराला लागूनच आहे. कडी तुटली तर फळी थेट त्याच्या डोक्यावर जाईल. ती झटक्याने मागे सरली.

कमू धावत आली होती. "कौला काढू का, बाय? माझा दादला असता तं चढला असता. मीच चढू?"

"नको गं, कौल खाली पडलं तर?"

मागची खिडकी! उज्ज्वला घराला वळसा घालून पळाली आणि दोन्ही हातांनी गज धरून आत बघू लागली. जमिनीवर ग्राइप वॉटरच्या बाटलीच्या काचा पसरल्या होत्या. रंगूने बहुतेक बाळाला औषध द्यायला म्हणून फळीवरून बाटली ओढली होती. स्टोव्हवर रिकामा तवा धुरकटला होता. आणि रंगू अनवाणी पायांनी नवशापाशी उकिडवी बसून त्याला थोपटत होती. "ओ ओ ओ, कोणी मारलं माझ्या सोन्याला," असं अगदी उज्ज्वलासारखंच म्हणत होती. मग तिने खुळखुळा वाजवून पाहिला. तोंडावरून हात फिरवून पाहिला. नवशा आणखीच रडायला लागला.

मग रंगू उभी राहिली. तिने कमरेवर हात ठेवले.

"गप बसतोस की नाही?" ती म्हणाली. "देऊ चटका?"

तो आवाज उज्ज्वलाचा होता. शब्द तिचे, कमरेवरचे हातही तिचेच. रंगू वळली, काचांच्या कडेने स्टोव्हपाशी गेली आणि तव्यात पडलेलं उलथनं तिने लाकडी मुठीला धरून उचललं. कसं धरायचं ते तिला बरोबर ठाऊक होतं. रोज बघत होती.

उज्ज्वलाच्या घशातून किंकाळी निघणार होती. मागोमाग आलेल्या कमूने तिचा दंड करकचून धरला. "आराडू नको, बाय. पोर दचकली तं हातातला त्याच्या तोंडावर पडंल."

किंकाळी तिने गिळली. रंगू उलथनं पुढे धरून नवशाकडे निघाली होती. तिला कसलीच घाई नव्हती. तिचा राग खरा नव्हता, ती नुसती आई झाली होती, आणि याचीच उज्ज्वलाला सगळ्यात जास्त भीती वाटली. रागावलेलं पोर चुचकारता येतं. या पोरीला आपण काही वाईट करतोय हेच माहीत नव्हतं.

नवशाच्या पायाशी रंगू वाकली.

"रंगू," उज्ज्वला हळूच म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "बाळ नाही ऐकत ना? लहान आहे तो. त्याला कळत नाही. मला दे चटका."

रंगूने मान वर केली.

"काल मी खोटं बोलले ना? मारणार नाही म्हणाले आणि दिला. मग मला द्यायला हवा. हा बघ हात." तिने डावा हात गजांमधून आत घातला आणि तळवा उघडून धरला.

रंगू नवशाकडे बघत राहिली. मग हाताकडे. उलथनं तिच्या मुठीत हलत होतं आणि त्याखाली नवशाचे पाय झाडणं चाललं होतं. देवा, एवढं पोरीला तिथून हलव, मग माझं काय वाटेल ते कर, असं उज्ज्वला मनात म्हणत होती.

रंगू निघाली. खिडकीपाशी आली आणि आईच्या उघड्या तळव्यावर तिने उलथनं टेकवलं. नुसतं टेकवलं.

उज्ज्वलाच्या डोळ्यांपुढे काळोख आला. हात मागे ओढला तर रंगू घाबरून नवशाकडे पळेल, म्हणून तिने तो हलवला नाही, आणि तोंडातून हूं की चूं काढलं नाही. उजवा हात आत घालून तिने मूठ पकडली, उलथनं सावकाश रंगूच्या हातातून सोडवलं आणि गजांमधून बाहेर काढून कमूकडे दिलं.

"दुखलं?" रंगूने विचारलं.

"हो. खूप दुखलं."

"फू करू?"

रंगूने खिडकीवर हनुवटी टेकून त्या तळव्यावर फुंकर घातली, गाल फुगवून, थुंकी उडवत. उज्ज्वला रडत होती आणि डोळे पुसायला एकही हात मोकळा नव्हता, कारण उजव्या हाताने तिने पोरीचं मनगट धरलं होतं. ते सोडायला तिला धीर होत नव्हता. पण सोडल्याशिवाय दार उघडणार नव्हतं.

"कडी काढतेस? काचेवरून नको हं. भिंतीच्या कडेने जा."

मनगट सुटताच रंगू भिंतीच्या कडेने दाराशी गेली. उज्ज्वला पळत पुढच्या बाजूला आली तेव्हा कडी सरकत होती. दार किलकिलं झालं आणि गोधडीला अडून थांबलं. ती अंग चोरून आत शिरली, नवशाला उचललं, त्याचे हातपाय, पोट, डोकं चाचपलं. काही झालं नव्हतं. रडून रडून उचकी लागली होती, एवढंच. मागून आलेल्या कमूने स्टोव्ह विझवला आणि काचा गोळा करायला बसली.

"रंगू कुठाय?" उज्ज्वलाने वळून पाहिलं.

रंगू दारामागे भिंतीला चिकटून उभी होती. डावा हात तिने पाठीमागे लपवला होता. उजव्या हाताचा तळवा पुढे केला होता आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"बाटली मी फोडली," ती म्हणाली. "या हातावर दे. त्या हातावर कालचा आहे."