अय्यूबभाईंची बेस गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. मला पाहून तुमचा यावर विश्वास बसणार नाही. शुभ्र मोतिया रंग, कडेने सोनेरी रेघ आणि तोंड दिसावं अशी चकाकी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात आलेलं गिऱ्हाईक मूर्ती बघायची सोडून आधी माझ्याकडे बघतं आणि म्हणतं, "वा, काय काम केलंय!" हे कौतुक ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

माझा जन्म जपानातला. रोह्याच्या अय्यूबचे मामू बोटीवर खलाशी होते, त्यांनी भाच्यासाठी मला आणलं. माझ्या चार जाड तारा बघून अय्यूबची आई म्हणाली, "बाकीच्या दोन तारा वाटेत सांडल्या काय?" घरात सगळे हसले. मला त्या हसण्याचा राग आला नाही, कारण अय्यूबने मला मांडीवर घेतलं होतं.

बेस गिटारचं नशीब थोरल्या सुनेसारखं असतं. ती राबत असते तोवर कुणाचं लक्ष जात नाही, आणि ती एक दिवस माहेरी गेली की घर कोलमडतं. ऑर्केस्ट्रात टाळ्या गायकाला पडायच्या, शिट्ट्या सोलो गिटारला. तरी मी थांबले तर गाणं लंगडं व्हायचं, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. एक अय्यूब आणि दुसरा पेणचा विठू. विठू दिवसा गणपती रंगवायचा आणि कार्यक्रमात कांगो वाजवायचा. हळदी, उरूस, गणेशोत्सव, कुठलंही बोलावणं या जोडीने सोडलं नाही.

त्या वर्षांनी मला झिजवलं. अय्यूबचा हात टेकायचा तिथला रंग उडून लाकूड दिसू लागलं. त्याच्या पट्ट्याच्या बकलाने माझ्या पाठीवर ओरखडे काढले. तारांच्या टोकाशी तो पेटती बिडी खोचून ठेवायचा, तिथे काळा डाग पडला. मानेमागे त्याच्या अंगठ्याने गुळगुळीत वाट पाडली. डोक्यावरचं कंपनीचं नाव तर केव्हाच पुसून गेलं. मला त्याचं काही वाटलं नाही. माझी ओळख आता कंपनीच्या नावात नव्हती, अय्यूबने पाडलेल्या त्या खुणांत होती.

मग अय्यूबला आखातात नोकरी लागली. जाण्याआधी तो मला घेऊन पेणला आला. "विठू, हिला तुझ्याकडं ठेव. आमच्याकडं पावसात कुंडलिका नदीचं पाणी उंबऱ्याला लागतं," तो म्हणाला. विठूने मला जुन्या धोतरात गुंडाळून कारखान्याच्या माळ्यावर टांगलं. दरवर्षी गणपतीची घाई आटोपली की तो एकटाच वर यायचा, मला पुसायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. त्याने एकदाही माझी तार छेडली नाही. दुसऱ्याची अमानत आहे, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा. अय्यूब सुट्टीवर यायचा, भेटून जायचा, माझ्याबद्दल "राहू दे अजून" म्हणायचा. पुढे भेटी विरळ झाल्या आणि एक दिवस विठू वारला. माळ्यावर कुणी चढेना. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या, खुंट्या गंजल्या. मी मुकाट लटकत राहिले.

अनेक वर्षांनी विठूच्या मुलाला, जगनला, फोन आला. अय्यूब आखात कायमचं सोडून आला होता आणि रोह्याजवळ वरसे गावात मुलीकडे, मुनीराकडे, राहत होता. त्याने विचारलं, "माझी बेस हाय का रं अजून?"

"हाय ना चाचा. कधीपन या."

जगनने मला खाली उतरवलं आणि त्याचा चेहरा पडला. "अशी देऊ? लोक म्हनतील, विठूच्या पोरानं सांभाळली नाय."

मित्रांनो, जगन वाईट नव्हता. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करावी तर त्यानेच. पण पेणमध्ये मूर्तीच्या कानाचा टवका उडाला तरी ती तशी गिऱ्हाईकाला देत नाहीत. खळगा लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवतात, पॉलिश पेपरने घासतात, रंगवतात आणि मगच हातात देतात. खंडित मूर्ती पुजायची नसते. जगनने मलाही तोच नियम लावला. ओरखडे लाकडापर्यंत तासून काढले. बिडीचा डाग घासून काढला. मानेमागची अंगठ्याची वाटसुद्धा घासून सपाट केली. खुंट्या, वायरी, आवाज पकडणारा पिकअप, सगळं नवं बसवून जुनं भंगारात घातलं. शेवटी बारीक कुंचल्याने माझ्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं, 'अय्यूबभाई, रोहा'. किती मन लावून लिहिलं होतं त्याने! रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो असा.

अय्यूब आला. पार थकलेला, मुनीराच्या हाताला धरून. जगनने मला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या तारा थरथरल्या. अय्यूबने माझ्या मानेमागे अंगठा फिरवला. मग मला उलटं केलं. पाठ बघितली, कड चाचपली. एक सूर वाजवला आणि तिथेच थांबला.

"पोरा, ही माझी नाय," तो म्हणाला.

"चाचा, आईशप्पथ तीच हाय. घासून रंगवलीय फक्त. नाव बघा ना तुमचं."

"माझं नाव लिवलं म्हंजे माझी झाली काय?"

"अब्बा, तो एवढं सांगतोय तर घ्या ना," मुनीरा म्हणाली.

अय्यूबने मला बाजूला ठेवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "विठूला गरज पडली असंल. विकली असंल. मला सांगायचं व्हतं त्यानं. भाऊच व्हता ना माझा." आणि तो रिकाम्या हाताने गाडीत जाऊन बसला.

चोरीचा आळ, तोही मेलेल्या बापावर! जगनने रागाच्या भरात पत्र्याचा तुकडा घेऊन माझी पाठ खरवडायला घेतली, खाली ओरखडे सापडतील म्हणून. सापडणार कुठून? ते त्यानेच घासून टाकले होते. खाली निघालं कोरं लाकूड. ते बघून त्याचा हात थांबला. जरा वेळाने त्याने आईला, सीताबाईला, विचारलं, "आई, बाबांनी ही कधी बदलली तर नव्हती ना गो?"

"मना काय म्हाईत? माळ्यावर मी कवा चढले? तुझा बापूस काय सांगून करायचा थोडंच."

खरवडलेली बाजू भिंतीकडे करून जगनने मला खिळ्याला टांगलं. विठूच्या फोटोला तो रोज अगरबत्ती लावायचा, ती आता सीताबाई लावते.

मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ पुसा, गंज काढा, तिला तेलपाणी करा. पण तिच्यावर कुणाच्या हाताची झीज असेल तर त्या माणसाला विचारल्याशिवाय ती बुजवू नका. मला नवी करण्याची हौस कुणालाच नव्हती, फक्त जगनच्या अब्रूला होती, आणि त्या अब्रूपायी त्याच्या बापाचीच गेली. विठूने मला शेवटपर्यंत जपलं, विकलं नाही. हे आता जगात फक्त मला ठाऊक आहे.