वाघिणीचं मलम

भिंगरीने छातीवर दोन्ही हात घट्ट धरले आणि सांगून टाकलं, "आधी मलम. मग सुई."

कॅन्सरचं औषध थेट रक्तात जावं म्हणून तिच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, एक छोटी डबी बसवली होती. दर खेपेला त्या डबीत सुई टोचायची. आधी बधिर करणारं मलम लावलं की टोचलेलं कळत नाही, पण ते मुरायला तासभर जातो. आणि तो तास भिंगरीच्या वाट्याला येईनासा झाला होता, तो आजोबांमुळे.

एकदा मलम संपलं होतं. भिंगरीने ओठ चावून सुई सोसली, तर आजोबांनी सगळ्या वॉर्डाला ऐकवलं, "आमची वाघीण आहे ही." झालं. तेव्हापासून मलम बाकीच्या पोरांना आणि वाघिणीला नुसती शाबासकी. शाबासकीने काही बधिर होत नाही.

"अगं, बाहेर रांग लागलीय," नर्सताई म्हणाल्या. "तू तर आमची वाघीण ना?"

"वाघालासुद्धा आधी भूल देतात, ताई. मगच डॉक्टर जवळ जातात."

नर्सताईंना हसू फुटलं, पण हातमोजे त्यांनी काढले नाहीत. आजोबा पुढे सरकले. "बाळा, क्षणाचं तर काम. चारचौघांत माझी अब्रू घालवतेस होय?"

"मग तुमच्या अब्रूलाच टोचू दे सुई."

भिंगरीचे डोळे भरून आले होते, ते तिने पुसलेही नाहीत. "मला दुखतं. दर वेळी दुखतं. औषध घेईन, उलट्या काढीन, केस गेले तर जाऊ देत. पण जे दुखणं टाळता येतं, ते फुकटचं सोसणार नाही."

आजोबांनी स्टूल ओढलं आणि सुईच्या ट्रेसमोर ठाण मांडून बसले. "मलम लावा, ताई. तोवर रांगेतल्यांना घ्या. आम्ही थांबतो."

"आणि तुमची वाघीण?"

"ती माझी हौस होती. नात वेगळी आहे."

मलम लागलं, वर चिकटपट्टी बसली, तास गेला. मग सुई आत गेली आणि भिंगरी अशी ओरडली की बाहेरची रांग दचकली.

"दुखलं का गं?" आजोबा घाबरून उठले.

"छे," भिंगरी म्हणाली. "मागचं ओरडायचं राहिलं होतं."