हँडलाच्या टोकावरचे आरसे

वामनराव बायकोला विचारल्याशिवाय घरातली काडी हलवत नाहीत, हे आमच्या अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत असणारच, कारण ते स्वतःच सांगत फिरत. बचत गटाच्या हळदीकुंकवाला कुणीतरी चुकून त्यांच्या हाती माईक दिला, तेव्हा त्यांनी जमलेल्या पुरुषांना चांगलंच झापलं. "बायकोले इचारत जा. आमच्या घरी सारं इचारूनच होते," असं सुनावून ते खाली बसले. त्यांच्या बायकोने, सोजराबाईंनीही, चार बायांसोबत टाळ्या वाजवल्या.

विचारायची जागा मात्र ठरलेली होती. घरात दोन भाऊ, दोन भावजया आणि कान शाबूत असलेली म्हातारी आई. तिथे नवराबायकोचं दोन शब्दांचं बोलणं गोठ्यापर्यंत पोहोचायचं. म्हणून बाजाराच्या दिवशी देऊळगाव राजाला जाताना वामनराव मोटरसायकलवर बोलून घेत. टाकीवर भाजीचं एक पोतं, मागे कॅरिअरला दुसरं, आणि मध्ये डावीकडे पाय सोडून बसलेल्या सोजराबाई. मुद्दा मांडून झाला की वामनराव मान डावीकडे वळवून विचारत, "काय म्हनते?" मागून लगेच "हाव" यायचं. बोअर कुठे मारायचा, लेकीला, डिंपलला, सायन्सला घालायचं की नाही, थोरल्या भावाला किती वावर सोडायचं, असे संसारातले सगळे मोठे निर्णय या रस्त्यावर एकमताने झाले होते. एवढ्या गुणी संसाराचा हेवा वाटावा, आणि आम्हाला तो वाटायचाही.

यंदाचा प्रश्न रस्त्याकडच्या तुकड्याचा होता. तो तुकडा म्हणजे मुळात गोट्यांची रास. सोजराबाईंनी एकेक गोटा वेचून तिथे वांगी, मेथी, कोथिंबीर उभी केली होती, आणि बाजारात त्या बसत ते त्याच भाजीच्या जिवावर. देऊळगावच्या गजेंद्र नावाच्या व्यापाऱ्याला तिथे मंगल कार्यालय बांधायचं होतं. नातवंडांनाही परत दिसणार नाही इतक्या लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर तो जागा मागत होता. वामनरावांनी रीतसर बायकोला विचारलं. एकदा नाही, तीन बाजारांना तीनदा. तिन्ही वेळा "हाव" आलं. मग त्यांनी गजेंद्रला कळवलं, "घरात इचारलं. येत्या बाजारी शब्द देतो."

नेमकं तिसऱ्यांदा मान वळवून विचारताना ते कापसाच्या ट्रकखाली जाता जाता वाचले होते. डिंपलला हे कळलं आणि ती बापावर अशी तडकली की घरातले तिन्ही पुरुष अंगणात निघून गेले. गाडीचे जुने आरसे नुसत्या कोपराचं दर्शन घडवत. ते तिने काढून टाकले आणि हँडलाच्या टोकाला बसणारे नवे आरसे मागवले.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी तिने ते अंगणात बसवले. हँडलाच्या दोन्ही टोकांची वजनं स्क्रू काढून वेगळी केली. नव्या आरशाच्या दांडीवर रबर होतं. ते हँडलाच्या नळीत सारायचं आणि बोल्ट आवळायचा, म्हणजे रबर आत फुगून घट्ट बसतं. डावा आरसा आवळूनही फिरत राहिला. डिंपलने तो काढला, चिंधीने नळीतलं ग्रीस पुसलं आणि पुन्हा बसवला, तेव्हा कुठे तो जागेवर राहिला. उजवीकडे तिने मूठ आणि आरसा यांच्यात जरा फट सोडली, नाहीतर ॲक्सिलरेटर पिळला की परत फिरत नाही. मग बापाला सीटवर बसवून दोन्ही आरशांचा कोन लावला.

"बैलाच्या शिंगाले गोंडे बांधले का व?" धाकट्या काकाने विचारलं.

डिंपलने तिकडे लक्ष दिलं नाही. "बाबा, आता मान वळवायची नाई. मांगचं पाह्यचं असलं तर आरशात पाह्यचं. माही शपथ हाय."

वामनरावांनी शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी गाव मागे पडलं आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विषय काढला. गजेंद्रचा पट्टा, लोकांची लग्नं, आपला फायदा, सगळं व्यवस्थित मांडलं. शपथेप्रमाणे मान समोर ठेवून त्यांनी विचारलं, "काय म्हनते?"

मागून काही आलं नाही.

त्यांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. तरीही काही नाही. बायको नाही म्हणेल, ही शंका वामनरावांना लग्नानंतर पहिल्यांदाच आली होती. आणि ज्याला शब्द द्यायचा तो गजेंद्र तिकडे वाट बघत बसला होता.

त्यांनी डाव्या आरशात पाहिलं. सोजराबाईंचा चेहरा त्यात स्पष्ट दिसत होता. इतक्या वर्षांत गाडीवरचा तो चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. वाऱ्याने पदर मागे सरकला होता. त्या कडेच्या तुरीकडे बघत होत्या, जराशा खट्टू दिसत होत्या, आणि त्यांच्या कानात काहीतरी पांढरं होतं.

वामनरावांनी एका कडुलिंबाखाली गाडी थांबवली. सोजराबाई उतरल्या.

"काऊन थांबले?"

"कानात काय हाय तुह्या?"

"आं?" त्यांनी एका कानातला कापसाचा बोळा काढला. "काय म्हनता?"

"हे कायले?"

"कापूस हाय. वाऱ्यानं कान ठनकते. डिंपल पोटात होती तवापासून घालते मी."

वामनराव टाकीवरच्या पोत्याला धरून उभे राहिले. "मंग मी रस्ताभर बोलतो ते?"

"बोलता ते मालूम हाय. पाठ हालते न तुमची."

"अन् बोअर मारला तो? तो तर तुले इचारून मारला मी."

"जाऊबाईनं सांगतलं, तवा मालूम झालं मले."

"मंग हाव काऊन म्हनते तू?"

सोजराबाईंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "तुम्ही मान वळवता न. मले वाटे, नीट बसली का, असं इचारता. म्हनून म्हनते, हाव." हातातला बोळा चिमटत त्या म्हणाल्या, "आज येक खेप बी इचारलं नाई तुम्ही. माह्या मनात आलं, काई चुकलं का माह्यं."

वामनरावांनी तिथेच लिंबाखाली पट्ट्याचं सांगितलं. सोजराबाईंनी दुसरा बोळाही काढला आणि सगळं ऐकून घेतलं.

"माह्या वावरात मांडव?" त्या म्हणाल्या. "नाई."

"तू तीन खेपा हाव म्हनली."

"हाव," सोजराबाई म्हणाल्या. "नीट बसली होती मी."

तेवढ्यात गजेंद्रचा फोन वाजला. वामनराव म्हणाले, "नाई जमत. घरात इचारलं."

"तुम्ही तर मागंच इचारलं म्हनत होते," पलीकडून आवाज आला.

"हाव. पन आता इचारलं," असं म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला.

गाडी पुन्हा निघाली. सोजराबाईंनी कापूस परत घातला नाही, पदरच कानावरून घट्ट आवळला. आरशात त्या सरळ वामनरावांकडे बघत होत्या. बायकोला विचारावं म्हणून गावभर सांगणारा हा माणूस. आज बायको प्रथमच ऐकायला बसली होती, आणि त्याच्याजवळ एक मुद्दा नव्हता.

"बोला न," सोजराबाई म्हणाल्या.

देऊळगावची घरं दिसू लागली तरी वामनराव मुद्दाच शोधत होते. शेवटी त्यांनी गाडी हळू केली, मागे ट्रक नाही हे दोन्ही आरशांत नीट पाहून घेतलं, आणि लेकीची शपथ मोडून मान डावीकडे वळवली.

"नीट बसली का?"

"हाव," सोजराबाई म्हणाल्या.