बळीरामचा फवारा

दुसऱ्याचं बरं झालं की फकिराच्या पोटात दुखे, आणि बासष्ट सालच्या भादव्यात तर ते दुखणं थांबेचना. दारव्ह्याच्या बाजारामागचं तळं त्यानं आणि त्याचा चुलतभाऊ बळीराम यानं मासेमारीसाठी मिळून घेतलं होतं. साऱ्या गावाच्या मोऱ्या त्यात उतरत, म्हणून पाणी हिरवंगार आणि रोहू हातभर. पण आभाळ भरून राहिलं की सकाळी मासे हवेसाठी वर येऊन तोंडं वासत.

अशा वेळी तळ्यात म्हशी घालून पाणी हलवायचं, ही फकिराच्या बापाची रीत. यंदा बळीरामनं कोणाच्या तरी मळ्यातलं ऑइल इंजिन मागून आणलं, पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा बांधला आणि तळ्याचंच पाणी वर उडवून तळ्यात पाडलं. घटकाभरात मासे खाली गेले. बघायला ही गर्दी!

"बळीरामभाऊजीचं डोस्कं लय चालते," फकिराची बायको भुरीबाई म्हणाली. बाजारात मासे तीच विकायची. "पाण्याले हवा लागली का मासे वाचते म्हंतात."

"आन् मी काय झक मारून राह्यलो?"

या माणसाला पेटायला काडी लागत नसे.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी मासे पुन्हा वर आले. बळीराम डिझेल आणायला गेला होता. तो येण्याआधी आपण मासे वाचवून दाखवू, म्हणून फकिरानं गवळ्याच्या म्हशी तळ्यात हाकल्या. बापाच्या वेळी बुडाशी वाळू होती. आता मोऱ्यांचा गुडघाभर गाळ होता. म्हशींनी तो ढवळला. पाणी काळं झालं, घाण सुटली आणि मासे पोट वर करून तरंगू लागले.

भुरीबाई टोपली घेऊन आली ती काठावरच बसली. "तुमी त्याले हरवाले गेले, आन् बुडवलं मले."

बळीराम आला, त्यानं पाहिलं. शिवी दिली असती तर फकिराला बरं वाटलं असतं. "पाइप धर," एवढंच तो म्हणाला. फकिरानं धरला. निम्मे मासे वाचले.

दुपारी भुरीबाईनं चहा केला. घरात कान शाबूत असलेला कप एकच, आणि तो आजवर फकिराचा होता. तिनं तो बळीरामपुढे ठेवला. मेलेले मासे विसरून फकिरा त्या कपाकडे बघत बसला.