अकोल्याची पंचमी आणि माझ्यातला कापूस

मित्रांनो, मी तेल्हाऱ्याकडची एक जुनी बंडी आहे. तुम्ही बैलगाडी म्हणता, आमच्या वऱ्हाडात बंडी म्हणतात. आता मी गोठ्यामागे एका चाकावर कलंडले आहे आणि कोंबड्या खुशाल माझ्यावर बसतात. बसू द्या. त्यांनी कुठे अकोला पाहिलं आहे!

नत्थुजी सुतारांनी मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. पुंजाराम माझे मालक आणि कौशल्या मालकीण. माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीचा. साधा खड्डा आला तरी माझी कुरकुर सुरू व्हायची.

त्या वर्षी दूर अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस यायचा थांबला होता, म्हणून आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. पण आमच्या जोडीतला एक बैल दिवाळीत दगावला. कापूस चांगला विकला गेला, तर पेरणीआधी नवा बैल येणार होता. नाही तर वावर पडीक राहणार होतं. शेजाऱ्याचा बैल तेवढ्यापुरता मागून आणून आम्ही निघालो.

पुंजारामांनी मुद्दाम धुळवड उलटू दिली. कापसाला रंगाचा डाग लागला तर दलाल हात लावत नाही. आमच्या गावात धुळवडीला रंग संपतो, तसा तो सगळीकडे संपत असेल असं ते धरून चालले होते.

अकोल्यात शिरलो आणि माझे डोळे दिपले. रंगाऱ्यांच्या दारात लाल, पिवळी लुगडी वाळत होती. पगड्यांचे किती प्रकार! जिलेबीचा वास, उर्दूतली घासाघीस, कुठे सनईचा सूर. मला वाटलं, हळूहळू जावं आणि सगळं बघावं. तेवढ्यात माझ्या चाकावर पळसाच्या फुलांचा केशरी रंग सपकन आदळला. पुढे सगळी गल्ली पिचकाऱ्या घेऊन उभी होती. ती रंगपंचमी होती.

"धुळवड तं झाली," पुंजाराम पुटपुटले. "आता काहून खेळून राहिले हे?"

माझं धाबं दणाणलं. मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही. कौशल्या खाली उतरून पिचकाऱ्यांसमोर उभी राहिली.

"आमच्यावर पायजे तेवढा टाका, बापा. कापसाले नोका लावू. याच्यातच आमचा बैल हाय."

गल्ली थबकली. पण वर माडीवर त्या घरच्या मालकीण गोदावरीबाई यांचे जावई होते, त्यांना खालचं काही ऐकू गेलं नाही. त्यांनी रंगाचं घंगाळ कठड्यावर उचललं. कौशल्येने ते पाहिलं, माझ्या चाकावर पाय देऊन ती वर चढली आणि कापसावर कोपर-गुडघ्यांवर ओणवी झाली, पदर दोन्हीकडे ताणून. घंगाळ तिच्या पाठीवर रिकामं झालं. रंग तिच्या केसांतून ताणलेल्या पदरात गळत होता आणि ती हलत नव्हती. हलली असती तर थेंब खाली कापसावर पडले असते.

गोदावरीबाई घरातून धावत आल्या. आपले पांढरे पलंगपोस त्यांनी तिच्या अंगाखालून कापसावर सरकवले आणि मगच तिला उतरवून घेतलं. जावयांना त्यांनी सगळ्यांदेखत झापलं. मग त्यांच्या लेकी-सुना पलंगपोस धरून बाजारापर्यंत माझ्या दोन्ही बाजूंनी चालल्या. ज्या हातांची मला धडकी भरली होती, तेच हात आता कापूस राखत होते.

दलालाने कापूस खालपर्यंत उपसून पाहिला. मग केशरी भिजलेल्या कौशल्येकडे पाहिलं. म्हणाला, "माल साफ आहे." पुंजाराम माझ्या जुवावर बसले आणि रडले.

पेरणीआधी बैल आला. पुढे कितीतरी वर्षं मी राबले. आता ती दोघंही नाहीत आणि माझ्या आसाला तेल घालायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. त्याची मला फार खंत नाही.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. सण जरूर खेळा, मनसोक्त खेळा. फक्त रस्त्याने एखादी भरलेली गाडी आली, तर हात क्षणभर थांबवा. तिच्यात कुणाचं तरी सबंध वर्ष भरलेलं असतं, आणि ते झाकायला दर वेळी कुणाची पाठ मिळतेच असं नाही.