एकोणिसाव्या किलोमीटरचा सांधा

सांधेबाईंच्या हातचा सांधा कधी दगा देत नाही, असं सगळं शहर म्हणे. आणि जे म्हणत नसत त्यांचंही इंटरनेट त्याच सांध्यांवरून धावे. काम तसं साधं. केसाएवढ्या दोन काचेच्या तारा कापायच्या, समोरासमोर धरायच्या, यंत्राच्या ठिणगीनं एकजीव करायच्या आणि पेटीत बंद करून जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवायच्या. एकदा म्हणे भूकंपात रस्ता दुभंगला, पण बाईंचा सांधा सुटला नाही. उलट त्या सांध्यानंच रस्त्याच्या दोन्ही बाजू ओढून पुन्हा जवळ आणल्या. हे सांगणारा कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर होता. त्याच्या सांगण्यातले बारा आणे सोडून द्यावेत. तरी चार आणे उरतात.

बाई मात्र या कथांवर ना हसत, ना लाजत. चहा पोळेल इतका गरम आहे की गार झालाय, हेही त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागे.

नऊ वर्षांपूर्वी त्या अशाच एका खड्ड्यात बसल्या होत्या आणि वहिनीचा फोन आला. धाकटा भाऊ गेला होता. बाई "बरं" म्हणाल्या, फोन खिशात टाकला, राहिलेले चार सांधे केले, झाकण लावलं, बोल्ट आवळले आणि मग गेल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. नातेवाईक म्हणाले, काळीज आहे की धोंडा! ऑफिसातले म्हणाले, याला म्हणतात हात! एकानं नावं ठेवली, दुसऱ्यानं कौतुक केलं, पण म्हणणं एकच होतं, आणि बाईंनाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्या कामावर हजर होत्या.

तर यंदा बाईंच्या ऑफिसात नवं राउटर आलं. पंचेचाळीस दिवस वापरून बघा, आवडलं तर घ्या, अशा बोलीवर. कपाटाएवढं ते धूड चौघांनी वर चढवलं. त्याच्यासोबत आलेल्या विक्रेत्याला सगळे टायवाला म्हणत, कारण टाय सोडला तर त्याचं काहीच लक्षात राहत नसे. "जुनी सात राउटर मिळून जे करतात, ते हे एकटं जांभई देत करतं," टायवाला म्हणाला. किंमत ऐकून मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तेवढाच राहिला. शिवाय वीज एवढी खाई की ते सुरू केलं की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उसासा टाके.

तेही साहेबांनी गिळलं असतं. पण राउटर चालेना. पलीकडच्या टोकाशी जोड लागे, दहा मिनिटं टिके आणि पडे.

"जुन्याचं बैलगाडीसारखं होतं, खड्ड्यातूनही जायचं," टायवाला म्हणाला. "याचा वेग बघा! वाटेत प्रकाश जरा सांडला की हे अडतं." त्यानं तारेतला प्रकाश मोजून आलेख पडद्यावर आणला. रेघ सरळ उतरत गेली होती आणि एकोणिसाव्या किलोमीटरवर पायरीसारखी धपकन खाली आली होती.

मागे उभ्या असलेल्या बाईंनी ती पायरी पाहिली आणि त्यांना फोन आला तो खड्डा आठवला.

"तिथे कोणाचा सांधा आहे?" टायवाल्यानं विचारलं.

"बाईंचा," साहेब म्हणाले. "म्हणजे सांधा सोडून बोला. केबलच कुठेतरी चेपलीय. आठशे मीटर हमरस्ता खणायचा, परवानग्या काढायच्या, नवी केबल टाकायची. तो खर्च या राउटरच्या दीडपट. नको रे बाबा. परवा मुदत संपते ना? घेऊन जा हे कपाट."

"अहो, एकदा पेटी उघडून तरी बघा!"

"बाईंची पेटी? तुमच्या आजीला सांगा स्वयंपाक कसा करायचा ते!"

सगळे हसले. बाई पडद्याकडेच बघत होत्या. तारा जुळवून देतं ते यंत्र. पण काच कापायची ती हातानं. काप तिरपा गेला तर यंत्र आकडा दाखवून टोकतं. तेव्हाही टोकलं असेल आणि आपण बटण दाबून पुढे गेलो असू. आठवत काहीच नव्हतं. हात हलला नव्हता, हेच तर नऊ वर्षं सगळ्यांचं ठरलेलं होतं. आता गप्प बसलं की कपाट परत जाणार, नाव राहणार, धोंडाही राहणार.

"सांधा माझाच वाईट आहे," बाई म्हणाल्या.

साहेब पुन्हा हसले, पण या वेळी एकटेच.

दुपारी ड्रायव्हरनं गाडी खड्ड्याशी लावली. "बाई, उगाच कमीपणा घेताय. उंदरानं कुरतडलं असेल."

"बंद पेटीत?"

"शिकलेला उंदीर असतो एखादा."

बाई खाली उतरल्या. बोल्ट त्यांनीच आवळलेले होते, निघता निघेनात. आत शेवटचे चार सांधे शेजारी शेजारी होते, आणि डोळ्यांना चारही सारखेच. राउटरची तार त्यातली पहिली, फोननंतरची. त्यांनी ती कापली, पुसली, पुन्हा कापली. दोनदा काप बिघडला. हाताकडे पाहिलं. त्यांनी तो मांडीवर ठेवला, थांबल्या आणि तिसऱ्यांदा कापलं. ठिणगी पडली. या वेळी आकडा वाचला. चांगला होता.

परत आल्या तेव्हा राउटर पाऊण तास न अडखळता चालत होतं आणि टायवाला टाय सैल करून बसला होता. साहेबांनी दुरुस्तीचं रजिस्टर उघडलं.

"कारणात घूस लिहितो," ते हळूच म्हणाले. खात्याची रीतच होती ती; रजिस्टरावर विश्वास ठेवला तर शहराखालची घूस एव्हाना दुमजली झाली असती.

"घूस नको. द्या इकडे."

बाईंनी लिहिलं : काप तिरपा गेला. भाऊ वारल्याचा फोन आला होता.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्म्याला हात लावला नाही. "बाई, तेव्हा रजा घ्यायची होती हो."

"भावासाठी किती मिळते?"

"तीन दिवस."

"मग उद्यापासून लिहा," बाई म्हणाल्या.